सौनात गेलेली पेटी

आमच्या ओउलू शहरातल्या संगणकाच्या दुकानात माझा नंबर सदुसष्ट, माझ्या पुढच्या जोडप्याचा सहासष्ट. आमच्याकडे रांगेत कुणी तोंड उघडत नाही, त्यामुळे त्यांची कुजबुज अख्ख्या दुकानाला ऐकू गेली. खोटं वाटेल, पण चौसष्ट आणि पासष्टवाले आपली पाळी सोडून ऐकत बसले.

"सायमी, हेच ग्राफिक्स कार्ड ठेव ना. आठ जीबी मेमरी काय कमी आहे?"

"माझ्या ॲनिमेशनमधल्या जंगलात बर्फ पडायला लागला की मेमरी भरते आणि संगणक बंद पडतो."

"मग बर्फ कमी पाड."

"सिनेमा हिवाळ्याचा आहे, वेइक्को! सोमवारी द्यायचाय. परत करायचा आज शेवटचा दिवस. यांनी हे घेतलं तरच सोळा जीबीचं परवडेल. याची पुठ्ठ्याची पेटी दे इकडे."

"शनिवारी लाकडं ओली होती गं."

"वेइक्को."

"सौनाची भट्टी पेटतच नव्हती. तुझी आई टॉवेल गुंडाळून वाफेची वाट बघत बसली होती."

"पेटीशिवाय परत घेत नाहीत! भिंतीवर लिहिलंय, वाच!"

"हरवली म्हणून सांगू."

"खोटं बोललास तर याद राख. जा, तूच सांग."

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"पेटी?"

"सौनात जाळली."

"सगळी?"

"सासूबाई आल्या होत्या."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग सायमीकडे.

"हे घेते परत. सोळाचं देते. नवी पेटी मात्र दुकानातच राहील."