दाराशी थबकलेलं अस्वल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या ॲनिमेशन प्रशिक्षण संस्थेचे आदरणीय संचालक; व्यासपीठावर बसलेले आमच्या रुग्णालयाचे कानाचे डॉक्टर; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मॅडम; ज्यांच्या आयासुद्धा माझ्यापेक्षा लहान असतील असे माझे वर्गमित्र; आणि मागच्या रांगेत जांभई दाबत बसलेले आमचे हे! सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी मुलांच्या वॉर्डातली परिचारिका. मला भाषणाची सवय नाही, ओरडण्याची आहे, तेव्हा माइक जरा लांबच धरते.

मॅडम वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. त्यामुळे वर्गात 'मॅडम' आणि वर्गाबाहेर 'पोरी, जेवलीस का?' असा आमचा कारभार. आज त्या दूरच्या मोठ्या स्टुडिओत निघाल्यात. आनंद आहेच, पण वाईटही वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाडी बघणाऱ्या बाईला या वयात हे काय सुचलं? रुग्णालयाला लहान पेशंटांसाठी एक छोटी फिल्म हवी होती. ऑपरेशनला जाताना मुलांनी घाबरू नये म्हणून. बाहेरून करून घेणं परवडणारं नव्हतं. मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघत होते, मी हात वर केला. आणि मी इथे पडद्यावर चेंडू उडवायला शिकत होते, तेवढ्यात वॉर्डात चिमणी दाखल झाली.

चिमणी हे आम्ही ठेवलेलं नाव. एवढीशी पोर, दोन्ही कानांचं दुखणं खोल गेलेलं. ऑपरेशन लांबलं तर उरलंसुरलं ऐकू येणंही जाणार होतं. पण ऑपरेशन थिएटरचं दार दिसलं की ती आईच्या गळ्याला जी मिठी मारायची, ती सुटता सुटायची नाही. दोनदा तशीच परत आणली. उचलून नेता आलं असतं हो. पण मग पुढे तिने कोणाला कानाला हात लावू दिला असता का? आणि समजूत घालावी तर तिला नीट ऐकूच येत नाही. माझं सगळं गोड बोलणं वाया. जे सांगायचं ते फिल्ममधल्या अस्वलाने अंगानेच सांगायला हवं होतं.

आणि आमचं अस्वल कसं? संगणकातल्या अस्वलाच्या अंगात सांगाडा असतो, एकेक सांधा धरून हलवायचा. मला वाटलं, हाडं तर आपल्याला पाठ आहेत! कसलं काय! माझं अस्वल चालायला लागलं की पाय एकीकडे आणि धड भलतीकडे. वर्गातली मुलं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणजे हसल्या, पण पाठ फिरवून.

त्यांचा एक नियम होता. अस्वलाला जे करायला लावायचं, ते आधी स्वतः करून बघायचं. मी घरी दारात थबकायची, मागे सरायची, पुन्हा थबकायची. आमच्या ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि कंबरेला लावायचं मलम आणून दिलं.

डॉक्टरसाहेबांची सूचना होती, अस्वल हसरं हवं, धीट हवं. केलं तसं. छाती काढून, दात दाखवत थेट दारातून आत. चिमणीला टॅबवर दाखवलं. तिने एकदा पाहिलं आणि टॅब पालथा घातला. त्या दिवशी मी वर्गात येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मॅडम वॉर्डात हजर. बाकावर बसून नुसत्या बघत राहिल्या. दार दिसलं की पोरीचे खांदे कसे वर जातात, हात आईचं बोट कसा शोधतो, पाऊल मागे कधी पडतं. मग मला म्हणाल्या, "सिस्टर, तिला वाटतंय भीती एकट्या तिलाच वाटते. धीट अस्वल तिच्या काय कामाचं? त्याला घाबरू द्या ना."

डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा नाक मुरडलं होतंत. आता मान डोलावू नका, सगळे बघतायत!

मी पुन्हा बसले. किती वेळा म्हटलं, "अगं बाई, एवढं तूच कर ना!" पण मॅडमनी माझ्या हातातला माउस कधी घेतला नाही. म्हणायच्या, "चिमणी तुमची आहे."

मग तो दिवस आला. चिमणी टॅब घेऊन दाराशी उभी. अस्वल थबकलं, खांदे वर गेले, एक पाऊल मागे आलं. तीही थबकली. मग तिने काचेवरून त्याच्या पाठीवर बोट फिरवलं आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "भिऊ नको रे. मी आहे ना!" आणि गेली की आत, स्वतःच्या पायांनी!

ऑपरेशन झालं, कान वाचले. शुद्धीवर आल्यावर पोरीने पहिलं काय विचारावं? "अस्वल बाहेर आलं?"

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. अस्वल दारातून आत गेलं की फिल्म संपत होती! पोरीला आत कसं न्यायचं या नादात बिचाऱ्याला बाहेर आणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही एकट्याने करायचं. मी बघणारसुद्धा नाही." मला रागच आला. तुमचं जायचं ठरलंय, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

केलं मॅडम. एकटीने केलं. काल चिमणी तपासणीला आली होती, तिला दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं, "आलं," म्हणाली, आणि टॅब माझ्या हातात ठेवून आईबरोबर घरी गेली.

संस्थेचे, डॉक्टरांचे, आणि घरी माझी नाटकं सोसणाऱ्या ह्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. अस्वलाच्या चुकांची माफी मात्र मी मागणार नाही. मॅडम, तुम्हाला त्या दिसतील. आज एकही सांगायची नाही.

दिवे बंद करा रे कोणीतरी. पोरी, बघ, बाहेर येतंय.