द्वादश शेर अवशिष्ट

(म्हैसूर, १९१२. गणिताचे मास्तर मालोजीराव यांच्याकडे त्यांचाच जुना विद्यार्थी खंडोजीराव आला आहे. मास्तरांचं अंकगणित सगळ्या मराठी शाळांना लावायचं की नाही, यावर समितीला आज त्याचा शेरा हवा आहे.)

मालोजीराव : कठीण? माझं पुस्तक कठीण? तुला त्रैराशिक कोणी शिकवलं रे, खंडोजी?

खंडोजीराव : तुम्हीच, मास्तर. म्हणून तर शेरा धाडण्याआधी घरी आलो.

मालोजीराव : उपकार झाले! अरे, माझ्या वर्गात पोरं ही गणितं पटापट सोडवतात.

खंडोजीराव : तुम्ही आधी समजावून सांगता म्हणून. येलवालच्या शाळेत तुम्ही असणार आहात का?

मालोजीराव : भाषा शुद्ध आहे माझी. आपली पोरं अर्धं कन्नड बोलतात म्हणून मी खिचडी छापू?

खंडोजीराव : जरा तुळसीला बोलवा.

मालोजीराव : तिला कशाला? माझी नात असून गणितात नापास झाली, नाक कापलं माझं. शाळेतून काढलंय तिला.

खंडोजीराव : एकच गणित वाचू दे. तुम्ही मात्र तोंड उघडायचं नाही.

मालोजीराव : बघच मग. तुळसी! इकडे ये. हे वाच.

तुळसी : "वणिकाने क्रीत केलेल्या तंदुलांचा तृतीयांश विकला. द्वादश शेर अवशिष्ट राहिले. मूळ तंदुल किती?"

खंडोजीराव : सोडव, बाळ.

तुळसी : अय्यो... नाही येत मला.

मालोजीराव : बघितलंस? मठ्ठ!

खंडोजीराव : मास्तर, गप्प राहायचं ठरलंय. तुळसी, पुस्तक मीट. देवराज मोहल्ल्यातल्या शेट्टींनी अक्की आणली. तिचे तीन सारखे वाटे केले, एक विकला. बारा शेर अक्की उरली. आणली किती?

तुळसी : अठरा शेर.

मालोजीराव : सुम्ने, उगाच ठोकून दिलंस!

तुळसी : नाही, आजोबा. दोन वाट्यांचे बारा, मग एक सहाचा. तिन्ही मिळून अठरा.

खंडोजीराव : परीक्षेत तुमच्याच पुस्तकातली गणितं होती, मास्तर. सांगायला तुम्ही नव्हता.

मालोजीराव : तुळसी... तंदुल म्हणजे काय वाटलं तुला?

तुळसी : विकतात म्हणजे बैल असतील, वाटलं.

मालोजीराव : तांदूळ गं. तुझी अक्की. मला विचारायचं नाही का?

तुळसी : विचारलं की तुम्ही रागावता.

खंडोजीराव : शेरा काय लिहू, मास्तर?

मालोजीराव : लिही. पोरांना वाचून कळत नाही, असंच लिही. आणि तुळसी, उद्यापासून शाळेत जायचं. जा, पाटी घेऊन ये तुझी.

तुळसी : पाटी? ती शेजारच्या वरलक्ष्मीला देऊन टाकली ना तुम्ही.