पेवातली गोड झोप

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगावरचा हातही क्षणभर थांबू द्या. आज या देवाच्या दारात मी एक प्रश्न घेऊन उभा आहे. आपला माणूस डोळ्यांदेखत मरणाच्या तोंडात आहे, तर त्याच्यामागे उडी घेणारा थोर, की काठावर पाय रोवून थांबणारा? — "उडी घेणारा!" बघा, पुढच्या ओळीतले आजोबा लगेच बोलले! बरं आजोबा, ते उत्तर सध्या तुमच्यापाशीच राहू द्या. आधी गोष्ट ऐका!

नदीकाठी एक गाव. हळदीचं गाव! तिथे हळद कोठारात नाही ठेवत, जमिनीच्या पोटात ठेवतात. त्या खड्ड्याला म्हणायचं पेव. वर तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा मावेल. खाली मात्र दोन पुरुष खोल, घागरीसारखं पोट! हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं, वर माती. मग वर्षानुवर्षं ती हळद तिथे झोपते हो! वारा नाही, उजेड नाही, काळ-वेळ नाही... आणि ज्या दुपारी पेव उघडतं ना — अहाहा! नदीवरून झुळूक येते, गल्लीभर तो उबदार पिवळा वास पसरतो. कुत्रीसुद्धा डोळे मिटून पडतात. सगळ्या गावालाच हळद लागल्यासारखं वाटतं!

या गावात सिदराम नावाचा गडी. पेवं उघडायचं काम त्याच्या घरात आजोबांपासून. मदतीला धाकटा भाऊ भीमाण्णा आणि बायको कस्तुरा. कामाची रीत ठरलेली — तोंड उघडायचं, एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून तळाशी सोडायचा. ज्योत विझली, तर माणसानं उतरायचं नाही! का? अहो, बंद पेवात हवा मरते. मेलेली हवा दिसत नाही, तिला वासही येत नाही.

पण त्या दिवशी सिदरामानं कंदील सोडलाच नाही. आळस? छे! हुशारी! तोंडाशी वाकला, छाती भरून वास घेतला आणि म्हणाला, "काय वास सुटलाय बघ! माल एक नंबर हाय. असल्या वासात माणसाला काय हुतंय?" ऐकलंत? वास चांगला — म्हणजे हवा चांगली! वीस वर्षं हळद पारखलेलं नाक, त्याच नाकानं घात केला.

कस्तुरा म्हणाली, "कंदील न्हाई तर न्हाई, काखंतनं दोर तरी घ्या."

"मी काय बैल हाय व्हय?" — पण घेतला बिचाऱ्यानं! बायकोचं एवढं तरी ऐकलं. इथे किती जण ऐकतात? माना खाली घालू नका, वर बघा!

सिदराम उतरला. वरून भीमाण्णानं हाक दिली, "दादा!" — "हां... हाय!" थोड्या वेळानं पुन्हा, "दादा!" — "हं..." आवाज लांबून आल्यासारखा. तिसऱ्या हाकेला काहीच नाही. भीमाण्णानं वाकून पाहिलं. सिदराम हळदीवर कुशीवर झोपला होता. हात उशाला घेऊन!

आता बघा हं, भीमाण्णानं काय केलं. दादाचा दोर त्याच्या हातात होता — तोच त्यानं टाकला आणि पेवात पाय घातला! कस्तुरानं एक पाय दोरावर दाबला अन् दोन्ही हातांनी दिराची कंबर धरली.

"वहिनी, सोडा! माझा दादा मरतोय!"

"माझा नवरा हाय त्यो! न्हाई सोडत! तुम्ही उतरलासा तर तुमास्नी कोण काढंल? दोर धरा आधी!"

आरडाओरडा ऐकून जमलेली माणसं म्हणाली, कसल्या दगडी काळजाची बाई ही! मंडळी, तिचं काळीज त्या क्षणी कुठे होतं, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. ती रडत होती आणि धरून होती.

भीमाण्णानं दोर धरला. आणखी चौघांनी हात लावला. सिदराम वर आला... आणि तोंडाशी खांदा अडकला! ओढताहेत, हलेना. कस्तुरा ओरडली, "खाली सोडा!" — "वहिनी, परत खाली?" — "हातभर सोडा! वळवा, मग वढा!" सोडला. वळवला. ओढला — आणि आला! पिवळाधमक देह उन्हात. कस्तुरा गर्दीला म्हणाली, "सरका, वारं लागू द्या!" बराच वेळ काही नाही... मग छाती हलली. तशीच जीप काढून दवाखान्यात नेला. वाचला.

चार दिवसांनी काय म्हणाला ठाऊक आहे? "आई आली हुती गं कस्तुरा. हळदीच्या रानात बसली हुती. म्हणाली, टेक जरा. इतकं गोड वाटत हुतं, वर यावंसंच वाटंना..."

ऐका! मरण तिथे दात दाखवत येत नाही, आईच्या रूपानं येतं आणि टेक म्हणतं. पेवात तसंच, जुन्या विहिरीत तसंच, संडासाच्या टाकीतही तसंच. आणि हो, अतिहुशार कोणी टाकीत किंवा गोबरगॅसमध्ये कंदील सोडू नका, भडका उडेल! तिथे माणूस उतरवायचाच नाही, मशीन बोलवा. कोणी आत पडलाच, तर अग्निशमन दलाला फोन करा.

आता आजोबा, माझं ऐका. माझे वडील असेच पेवात उतरले होते. त्यांना काढायला मोठे काका उतरले. दोघांना काढायला धाकटे. एका दुपारी एका घरातून तीन तिरड्या! काठावर अख्खं गाव उभं होतं हो... पण शूर माणसाला अडवणार कोण? माझ्या धाकट्या काकांना त्या दिवशी कोणी कंबरेला धरलं असतं, तर मी जन्मभर त्याचे पाय धुतले असते.

म्हणून आज टाळी वाजवू नका. शेजारी बसलेल्याचं मनगट धरा. लाजू नका, धरा! तो ओढेल, शिव्या देईल, म्हणेल सोड... हं, असंच. सोडू नका.