मावशीचा कोरफडीचा साबण

अंबूताई : पुन्हा कोरफड? कुसुम, अकरा वर्षं झाली तरी तुझी हौस फिटत नाही?

कुसुमावती : हौस कसली, वन्सं? लढाई सुरू झाल्यापासून कमरीपेठेत धड साबण मिळत नाही. मिळाला तर नुसता खडू.

अंबूताई : नि हा अंगाला लावण्याजोगा? तेव्हा श्यामलेला पाहायला धारवाडची माणसं आली होती. पोरीच्या तोंडावर पुरळ बघून चहा न घेता उठली. विसरलीस?

कुसुमावती : तुम्ही विसरू देताय कुठं?

अंबूताई : बघ, बघ! सावत्र आईपणा जिभेवर कसा येतो!

श्यामला : आत्या, मी आत्ताच शाळेतून येतेय. आल्या आल्या हे नको.

अंबूताई : तू सुम्म बस, मधे बोलू नकोस. सव्विशी गाठलीस, लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्यांच्या पोरी शिकवत बसलीस. कुणामुळे? जाते मी मठात.

श्यामला : गेली. मावशी, दंड दाखव. केवढा लाल झालाय!

कुसुमावती : मागच्या घाण्यातल्या वडीनं झालाय. कॉस्टिक सोडा जास्त पडला. तो घाणाच टाकून दिला.

श्यामला : स्वतःला का लावतेस?

कुसुमावती : मग कुणाला लावू? वड्या महिनाभर सुकवते. आठ दिवस माझ्या दंडाला. मगच घरात देते.

श्यामला : एवढं कशाला?

कुसुमावती : कोडं सुटत नाही म्हणून. त्या वेळी पानं उभी ठेवून पिवळा चीक पुरता निथळू दिला होता. गर तीनदा धुतला होता. त्याच वडीनं मी आंघोळ केली, यांनी केली. बाधला फक्त तुला.

श्यामला : एखाद्याची कातडी नाजूक असते.

कुसुमावती : मानेला नाही, हाताला नाही. दोन्ही गालांनाच. अगदी सारखं.

श्यामला : फौजदारासारखी विचारू नकोस.

कुसुमावती : श्यामले, तू वेगळं काही लावलं होतंस का? रागावणार नाही मी.

श्यामला : नाही.

कुसुमावती : बरं. मग चूक माझीच. हात धू, भाकरी वाढते.

(सोळा दिवसांनी. कुसुमावती तापानं गेली. कालच तेरावा झाला.)

अंबूताई : अगं, फळीवर चाळीस वड्या आहेत! कागदात बांधून वर तारखा घातल्यात. परसात पुरून टाकू.

श्यामला : राहू देत.

अंबूताई : आता कुणाची भीड? गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण तिच्या मनात काळंबेरं होतं. सवतीची पोर चांगल्या घरी पडू नये, एवढंच.

श्यामला : अप्पांनाही तसंच वाटायचं?

अंबूताई : नाहीतर माझ्या भावानं तिच्या हातचा साबण का सोडला? ताप चढला होता तेव्हा मला म्हणाली, "वन्सं, तुम्हाला अजून तसंच वाटतं का हो?"

श्यामला : तू काय म्हणालीस?

अंबूताई : काय म्हणणार? मी भिंतीकडे तोंड केलं.

श्यामला : आत्या, खाली बस जरा.

अंबूताई : बसले. काय ते बोल.

श्यामला : ती माणसं येण्याच्या आठवडाभर आधी मावशीला पानं तोडून दिली मी. मनगटाला चीक लागला नि दुसऱ्या दिवशी दुपारी पुरळ उठलं.

अंबूताई : तेच तर म्हणतेय मी! ती कोरफडच वाईट.

श्यामला : ऐक. मला लग्न करायचं नव्हतं, मॅट्रिकला बसायचं होतं. अप्पांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती. ती माणसं यायची त्या सकाळी सगळ्यांदेखत मावशीच्या साबणानं तोंड धुतलं.

अंबूताई : मग?

श्यामला : साबण चांगला होता, आत्या. आदल्या संध्याकाळी एक पान मोडून त्याचा चीक मीच गालांना चोळला होता.