गोठ्यातलं घोरणं

मंचरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बेल्ह्याचे रखमाजी आणि त्यांची बायको साळुबाई बसले होते.

"अवो, झोपताना लावायच्या त्या मशीनच्या मास्कनं घोरनं थांबलं, पर आता झोपंत तुमचा मेंदूच श्वास घ्यायला इसरतोय म्हनं."

"मशीन हवा भरतंय, मंग त्यो कशाला राबंल?"

"तुमचं घोरनं थांबलं आन् बिबट्या पार गोठ्यापातूर यायला लागला व्हता."

"म्हनून तर मोबाईलातलं माझं जुनं घोरनं रातभर गोठ्यात लावतो. आता फिरकतो का?"

"न्हाई. त्या आवाजानं मलाबी लई गाढ झोप लागती."

"आगं, पर माझा श्वास थांबला तर तुला कळायचं कसं?"

"कळंल की! घोरनं थांबलं, की मी लगीच उठती."

"मंग काय काळजी न्हाई. तेवढा मोबाईल चार्जिंगला लावत जा."