कोरफड बरी झाली त्याची तक्रार

— नाही हो, मेली म्हणून नाही आणली. नीट बघा तरी. मेलेली कोरफड अशी दिसते? कशी टरारलीय बघा — हेच तर सांगतोय मघापासून, चांगली झालीय, आणि त्याला जबाबदार तुम्ही. हसू नका. मागच्या महिन्यात तुमच्या या नर्सरीत आणली तेव्हा बुडाशी काळी पडली होती, पानं ओल्या चिंधीसारखी. तुम्ही म्हणालात, काका, पाणी फार होतंय, आणि मला न विचारता उपटलीत, सडलेली मुळं कापलीत, वाळू घातलेल्या मातीत लावून हातात दिलीत. मी सांगितलं होतं? मी फक्त विचारलं होतं, अशी अजून किती दिवस टिकेल.

मुलीची आहे ती. नोकरीसाठी लांब गेली तेव्हा माझ्या खिडकीत ठेवून गेली — एवढीशी, चहाच्या कपात मावेल एवढी. बाबा, हिला फार काही लागत नाही, पंधरा दिवसांनी पाणी, बस. दर रविवारी मी फोटो पाठवायचा आणि तिनं अंगठा पाठवायचा. अंगठा! सहा महिने अंगठे गोळा करतोय मी. माझा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात, तुम्हाला सांगतो, चालू लिफ्टची कोणी चौकशी करत नाही — आत शिरायचं, बटण दाबायचं, बाहेर पडायचं. अडकली की मात्र दहा मिनिटांत पन्नास फोन. तसंच झालं. एकदा विसरून मी दोनदा पाणी घातलं, पान पिवळं पडलं, तसाच फोटो गेला — आणि लगेच फोन. तोही व्हिडिओवाला. बाबा, बुडाशी दाखवा, माती बोटानं उकरून बघा, ओली आहे का. चाळीस मिनिटं! दुसऱ्या दिवशी परत. मध्येच म्हणाली, शर्ट किती चुरगळलाय तुमचा, जेवलात का? कोरफडीच्या नादात मीही दिसलो तिला.

मग काय — मग काय म्हणजे? मग घातलं पाणी. रोज. दाढी झाली की अर्धा मग. हो, मुद्दाम. असं बघू नका माझ्याकडे, मारायची नव्हती, जरा आजारी राहावी एवढंच — पण त्याचं काही माप असतं का? हाताबाहेर गेलं, घाबरलो, म्हणून तर इथे पळत आलो. आणि तुम्ही ती ठणठणीत करून ठेवलीत. चार आठवडे झाले. चार अंगठे.

स्वतःहून फोन करू? सोपं आहे तुम्हाला सांगायला. करून बोलू काय? तिची आई होती तोवर, ही शिकायला हॉस्टेलवर असायची तेव्हा, आईच बोलायची, तासभर, आणि शेवटी फोन माझ्या हातात द्यायची. मी विचारायचो, बरी आहेस ना? ती म्हणायची, हो बाबा. बरं, ठेव मग. एवढंच बोललोय मी पोटच्या पोरीशी इतकी वर्षं. आई जाऊन वर्ष झालं, तरी माझ्या तोंडात तेच येतं, ठेव मग. मला नाही येत हो बोलता, राग येतो माझाच मला. काहीतरी विषय लागतो. कुजकं मूळ असलं की जमतं.

तर असं करा, पान पिवळं पडेल पण झाड मरणार नाही असं काहीतरी द्या. नाही? ठेवतच नाही असलं काही? मग द्या ती कुंडी इकडे, उगाच तंगडतोड झाली माझी — काय? कुठे? बुडाशी? हे हिरवं टोक? थांबा, चष्मा... पिल्लू म्हणता याला? कोरफडीला पिल्लं होतात? आणि वेगळं करून लावायचं — कधी, किती मोठं झाल्यावर, कापायचं की — नाही. थांबा. नका सांगू. एक अक्षर बोलू नका. मला यातलं काही माहीत नाही, कळलं? तुम्ही मला भेटलाच नाहीत आज. आता सरका जरा, उजेड येऊ द्या, फोटो काढायचाय. माहितेय हो, बुधवार आहे आज. सरका.