डकोटाच्या तोंडी गंगाजळ

हरिहरकाका! आणखी कोणी नाही, हरिहरकाकाच! उगाच डोंबिवलीच्या हवेला नावं ठेवू नका, सावरीच्या लाकडाला ठेवू नका, वार्निसालाही ठेवू नका. एका धडधाकट, चंदेरी, हातभर लांबीच्या डकोटा विमानाचा जीव घेतला तो या माणसानं, आणि तो कशासाठी... तर भल्यासाठी! मुलाच्या भल्यासाठी हो! तुम्हाला सांगतो, या म्हाताऱ्यांनी आमच्या पिढीचं इतकं भलं करून ठेवलंय ना, की आता जरा वाईट करा बुवा, असं पाया पडून सांगायची वेळ आलीये.

मुलगा म्हणजे श्रीपाद, काकांचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, काका-काकूंनीच वाढवला. इंटरला असताना कॉलेज सोडलं त्यानं. नापास नाही झाला, सोडलं! फरक आहे! मीसुद्धा सोडलंय, आणि ज्यांनी नाही सोडलं ते आज कुठल्या कचेरीत कोणाची शाई वाळवतायत ते बघतोयच की आपण. पण काकांना हे कोण सांगणार? काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, धोतराच्या निऱ्यासुद्धा नियमाप्रमाणे, आणि त्यात आमच्या वाडीच्या दारूबंदी प्रचार समितीचे अध्यक्ष. वाडीत पिणारा एकही माणूस नाही, ही समितीची केवढी अडचण! भाषणं करायची कुणापुढे? दर रविवारी पाचपन्नास न पिणारी माणसं सतरंजीवर बसून, पिऊ नका, असं ऐकून घरी जायची.

तर श्रीपादला विमानांचं वेड. खऱ्या नाही हो, लाकडी! कल्याणच्या वखारीतून सावरीचं लाकूड आणायचं, चाकूनं तासायचं, काचपेपरनं घासायचं, आणि घासून घासून असं विमान काढायचं की कावळे बिचकावेत. ते एकदा कोणीतरी फोर्टातल्या एका विमान कंपनीच्या कामतसाहेबांना दाखवलं. कामतसाहेब म्हणजे कंपनीच्या तिकीटघरांत, काचेच्या कपाटांत जी नमुन्याची विमानं मांडतात, त्या खात्याचे मुख्य. त्यांनी श्रीपादला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण हे खेळणं झालं. मला विमान पाहिजे. पत्रे कुठे जोडलेत, दरवाजा कुठे उघडतो, त्या रेघा दिसल्या पाहिजेत. एक डकोटा करून आण. जमली तर ये आमच्या वर्कशॉपात." आणि वर चपडी, म्हणजे पॉलिशची लाख, विरघळवायला स्पिरिटची बाटली दिली, कंपनीच्या परवान्यावरची, सहीशिक्क्यासकट! कारण दारूबंदी आल्यापासून माणसं फ्रेंच पॉलिशसुद्धा गाळून प्यायला लागलेली, म्हणून सरकारचा स्पिरिटवर पहारा.

काकांनी काय करावं? "ठीक आहे. कर तुझं ते विमान. साहेबांनी घेतलं तर आम्ही आड येणार नाही. नाही घेतलं तर आंबिवलीच्या कारखान्यात मी शब्द टाकून ठेवला आहे. हजेरी लिहायची जागा आहे. मुकाट्यानं जायचं." आता तुम्हीच सांगा, विमान करणाऱ्या माणसानं हजेरी लिहायची? पण काका म्हणणार, भल्यासाठी!

आता त्या रेघांची गंमत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चंदेरी रंग वाळला की त्यावर सुईनं रेघा कोरायच्या, केसाएवढ्या. मग चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात द्यायचा, म्हणजे रंगाला कवच चढतं. मग टर्पेंटाइनमध्ये काजळी कालवायची आणि कुंचल्याचं टोक रेघेला नुसतं टेकवायचं... बस्! काजळी आपणहून धावते हो, रेघेरेघेतनं, पाटातून पाणी सुटावं तशी! वरची पुसून टाकायची, आतली राहते. कवच नसेल तर टर्पेंटाइन खालचा रंगच खातं. आणि शेवटी पुन्हा चपडीचा एक हात, की झालं.

काजळीसाठी तो सुमतीकाकूंकडे गेला. काकू म्हणजे हरिहरकाकांच्या मंडळी, जीभ तिखट पण पोटात माया. "काकू, दिव्यावर ताटली धरून जरा काजळी धरून दे ना." "कोणाला रे?" "विमानाला." "अगं बाई! आणि बारसं कधी?" असं म्हणून हसल्या, पण दिली धरून. एवढंच नाही, विमानाला दृष्ट लागू नये म्हणून पंखाखाली एक तीटसुद्धा लावून गेल्या! श्रीपादनं ती पुसली नाही. बाईमाणसाचं भलं हे असं असतं बघा, कोपऱ्यात, बोटाएवढं. काकांचं भलं म्हणजे रोडरोलर!

कारण काकांनी काय पाहिलं? पोरगा दार लावून बसतो, धूळ नको म्हणून. खोलीतून स्पिरिटचा भपका. डोळे लाल, रेघा ओढून ओढून. हाक मारली की ओ देत नाही, कारण श्वास धरलेला असतो. जेवायला बसला की हात थरथरतो. काकांनी दाराच्या फटीला डोळा लावला, तर काय... पोरगा चपडीची वाटी उजेडाकडे धरतोय, हलवतोय, हुंगतोय, आणि म्हणतोय, "वा!" बास! काकांना ब्रह्मांड आठवलं. म्हणजे आधी ब्रह्मांड आठवलं आणि मग, तुम्हाला सांगतो, आनंद झाला! इतकी वर्षं समिती चालवली, आज पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं, तेही घरातलं!

विचारायचं ना? "श्रीपाद, काय करतोस?" तीन शब्द! पण विचारतील ते वडीलधारे कसले? त्यांना सगळं न विचारता कळतं! काका काकूंना म्हणाले, "एकदम तोडलं तर डोकं फिरतं माणसाचं. हळूहळू सोडवायचं. त्याला पत्ता लागता कामा नये." हा अनुभव त्यांना कशाचा? तर तपकिरीचा. तपकीर त्यांनी चारदा सोडलेली, आणि चारही वेळा ती परत आलेली!

मग रोज सकाळी श्रीपाद विहिरीवर आंघोळीला गेला की काका खोलीत शिरायचे, बाटलीतलं थोडं स्पिरिट काढून घ्यायचे आणि तेवढंच पाणी घालायचे. पाणी तरी साधं? छे! देव्हाऱ्यामागे काशीहून आणलेली, तोंड झाळून बंद केलेली गंगेची लोटी होती, ती फोडली! वाईट सवय सोडवायला पवित्र पाणी नको का? चार दिवसांनी काकूंना रिकामी लोटी सापडली. "अहो, ती माझ्या शेवटच्या घोटासाठी ठेवलेली! आता मरताना मी काय विहिरीचं पाणी पिऊ?" "हळू बोल. मुलाच्या भल्यासाठी आहे."

आणि काढलेलं स्पिरिट? सरकारी परवान्याचा माल, फेकायचा कसा? तर काकांनी ते गुडघ्यांना चोळलं. आणि गुडघे मोकळे झाले हो! जो माणूस जिना चढताना तीनदा देवाचं नाव घ्यायचा, तो दोन-दोन पायऱ्या चढायला लागला. मग काय, उजवा झाला, डावा झाला, कंबर झाली, मान झाली... तसतशी बाटलीत गंगा वाढत गेली. समितीच्या सभेत अध्यक्ष उभे राहिले की पहिली रांग नाकाला रुमाल लावायची, पण बोलणार कोण?

इकडे श्रीपादचं काम काय सुंदर चाललेलं! पहिला हात चढला तेव्हा बाटली सोवळ्यात होती, म्हणजे गंगा अजून शिरायची होती. काजळी सोडली आणि डकोटा जिवंत झाली! पत्रा न् पत्रा वेगळा, दरवाजाची चौकट, पंखांवरचे जोड... काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता ही उडाली तर मला सांग रे, वाळवणं काढून घेते." आता राहिला फक्त शेवटचा हात.

दिला. आणि तुम्हाला सांगतो, बघता बघता विमान पांढरं पडायला लागलं. चपडीला पाणी लागलं की ती दुधासारखी होते. शेपटीकडून धुकं निघालं ते नाकापर्यंत! श्रीपादला वाटलं, हवा दमट आहे. विमान उन्हात ठेवलं. जास्त स्पिरिट घालून आणखी एक हात दिला... म्हणजे आणखी गंगा! मग तर पापुद्रेच धरले, ताकावर लोणी तरंगावं तसे. रेघा गेल्या, दरवाजा गेला. बिचाऱ्यानं घासायला घेतलं, तर पंखावरचा चंदेरी रंगच निघून आला. नवीन करायला वेळ कुठला? साहेबांनी दिलेला दिवस उजाडलेला. घेतलं विमान धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणि निघाला. आणि काका म्हणतात, "थांब, मी येतो. मोठं माणूस बरोबर असलं की वजन पडतं."

पडलं ना वजन! थेट मानेवर पडलं!

कामतसाहेबांनी फडकं सोडलं, विमान खिडकीपाशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. साहेब म्हणाले, "वरचं पॉलिश गेलंय कामातून. पण पोटाखाली बघ, इथे नीट राहिलंय. या रेघा तू काढल्यास?" "हो." "काजळी तूच सोडलीस?" "हो, साहेब." "आमच्याकडच्या कोणाला जमत नाही हे! कुठेतरी ओल लागलीये, दुसरं काही नाही. सगळ्यांचं होतं असं. आमच्या वर्कशॉपात कर दुसरं. पहिल्या तारखेपासून ये."

लागली! नोकरी लागली! आता एखादा शहाणा माणूस काय करील? नमस्कार करील, उठेल, जिना उतरेल. पण शेजारी कोण बसलेलं? हरिहरकाका! त्यांना साहेबांच्या मनात किंतु ठेवायचा नव्हता. खाकरले, उपरणं सारखं केलं आणि शुद्ध, स्वच्छ भाषेत म्हणाले, "साहेब, ओल बाहेरून लागलेली नाही. ते पाणी मीच घालत होतो, स्पिरिटमध्ये. मुलाला पिण्याची सवय जडली होती. परंतु आता काळजी नसावी! गंगाजळानं पूर्ण सुटली आहे. मी समितीचा अध्यक्ष म्हणून हमी देतो!"

श्रीपाद ओरडला, "काका! अहो, मी थेंब नाही घेतला कधी!"

काका साहेबांकडे बघून हळूच म्हणाले, "पाहिलंत? सगळे असंच म्हणतात. पण राग धरू नये, भला मुलगा आहे."

साहेबांनी विमान टेबलावर ठेवलं. "म्हणजे आम्ही दिलेलं स्पिरिट हा प्यायला? आमच्या परवान्यावरचं?"

"प्यायचा, साहेब, प्यायचा! आता नाही!"

"काका, माझा वास घ्या! साहेब, तुम्ही घ्या माझा वास!" श्रीपाद टेबलावरून पुढे झुकला. साहेबांनी वास घेतला. वास येतच होता हो! पण तो काकांच्या मानेचा! आता अशा वेळी साहेबानं नाक कोणाकोणाकडे वळवायचं? ते उठले, दार उघडलं, आणि सभ्य माणूस म्हणून एवढंच बोलले, "वर्कशॉपात स्पिरिटची पिंपं असतात. पोलीस आले तर परवाना माझा जाईल. माफ करा."

खाली फुटपाथवर आल्यावर काकांनी श्रीपादच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ते बरंच झालं बाळा. जिथे पिंपं भरलेली असतात, तिथे तुला ठेवणं धोक्याचंच होतं. तुझ्या भल्यासाठी सांगतो."

श्रीपाद आता आंबिवलीला हजेरी लिहितो. त्यानंतर त्यानं विमान केलं नाही.